भद्रावतीहून मोहर्लीकडे

चंद्रपूर-नागपूर मार्गावरील भद्रावती येथे श्री स्वप्नदेव केसरिया पार्श्वनाथांच्या दर्शनास येणाऱ्या काही कुटुंबांच्या सामानात हल्ली पूजेच्या वस्त्रांशेजारी लांब भिंगाचा कॅमेराही जपून ठेवलेला आढळतो. देरासरात ती पिशवी उघडायची नाही, हे घरातील लहानांनाही ठाऊक असते. तेथे जे पाहावयाचे ते डोळ्यांनी. दर्शन आटोपून, सूर्यास्तापूर्वी जेवण उरकून ही मंडळी मोहर्लीचा रस्ता धरतात. दुसऱ्या दिवशी पहाटे ताडोबात शिरावयाचे असते.

ताडोबाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा १९५५ मध्ये मिळाला. अंधारी अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले आणि पुढे १९९५ मध्ये दोहोंचा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. पांढरपौनीच्या परिसरातील माया वाघिणीची छायाचित्रे दूरदेशीच्या लोकांनीही पाहिली आहेत. प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्टे निराळे असतात, त्यामुळे जुने छायाचित्र शेजारी ठेवून हाच तो, हे ओळखता येते. ज्याला गिऱ्हाइकाचा चेहरा आणि उधारी दोन्ही वर्षानुवर्षे लक्षात ठेवण्याची सवय आहे, त्या व्यापाऱ्याला या ओळखीचा छंद लागावा यात नवल नाही.

चंद्रपूरच्या बाजारपेठेतील एका किराणा व्यापाऱ्याला तो असाच लागला. वय पन्नाशीपुढचे. तीस वर्षे गादीवर बसून नजर तराजूवर, भावावर आणि समोरच्याच्या हातावर ठेवलेली. जंगलात ते पहिल्यांदा गेले ते पाहुण्यांच्या आग्रहाखातर. जिप्सी पाणवठ्याजवळ थांबली, गाईडने बोट ओठांवर ठेवले, आणि अर्धा तास काहीच घडले नाही. मग दूर कुठेतरी चितळाने कॉल दिला. त्या दिवशी वाघ दिसला नाही. परंतु घरी परतल्यावर ते म्हणाले, की इतका वेळ आपल्याला कोणी काही मागितले नाही आणि आपणही कोणाला काही मागितले नाही, असे आयुष्यात प्रथमच झाले. पुढच्या महिन्यात त्यांनी कॅमेरा घेतला.

आता, कॅमेरा घेतला की मागणे सुरू होतेच. वाघ रस्त्यावर आला, की दहा-दहा गाड्या पुढे घुसतात, जरा जवळ घे म्हणून चालकाला विनवण्या होतात, आणि एकाच वाघाची शेकडो सारखी चित्रे कार्डात भरली जातात. परिग्रह तिजोरीतच होतो असे थोडेच आहे! या गृहस्थांनी त्यावर आपल्यापुरता एक नियम घेतला: एका फेरीत ३६ छायाचित्रे, जुन्या काळच्या रोलइतकी. सदतिसावे दृश्य कितीही सुंदर असो, ते नुसते पाहावयाचे. चातुर्मासात, १ जुलै ते ३० सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद असते, तेव्हा ते वर्षाची चित्रे निवडतात आणि बहुतेक पुसून टाकतात.

हिंसेचे साधन टाकून कॅमेरा हाती धरणारे या देशात पूर्वीही होऊन गेले. वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांचे वन्य वाघांच्या छायाचित्रांचे पुस्तक १९२७ साली प्रसिद्ध झाले. वाटेवर बारीक तार बांधायची, वाघाचा पाय तिला लागला की प्रकाश चमकून चित्र निघायचे, अशी त्यांची युक्ती होती. शिकारीला गौरव मानणाऱ्या त्या काळात हे धारिष्ट्यच म्हटले पाहिजे.

त्यांच्या पत्नीचे कारण वेगळे आहे. त्यांना वाघाचे फारसे आकर्षण नाही. वैनगंगा ओलांडून गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शीजवळच्या मार्कंडा येथे नदीकाठी जो प्राचीन मंदिरसमूह आहे, तेथे त्या रमतात. दगड पळून जात नाही, त्या म्हणतात. फक्त उन्हाची वाट पाहावी लागते. सकाळचे तिरपे ऊन भिंतीवर आले, की सपाट वाटणारी मूर्ती एकाएकी अंग धरते. ही चित्रे त्या सासूबाईंसाठी काढतात. सासूबाईंचे गुडघे गेले आहेत. घराबाहेर पडणे बंद. सायंकाळचे प्रतिक्रमण झाले, की सून एकेक चित्र मोठे करून दाखवते आणि वृद्ध डोळे एखाद्या नर्तकीच्या पैंजणावर बराच वेळ थांबतात.

दुकानात मात्र एक मोठे छायाचित्र वाघाचेच लावलेले आहे. बफर क्षेत्रातील पाणवठ्यावर पाणी पिऊन उठलेली वाघीण. गिऱ्हाइके कौतुक करतात. एके उन्हाळ्यात, बाजाराच्या दिवशी, जंगलालगतच्या गावातील एक नेहमीची बाई तेल-मीठ घेण्यास आली. तिने ते चित्र पाहिले, पण वाघाकडे नव्हे, मागच्या झाडांकडे.

“कोनत्या बोडीवरचा आहे जी हा, शेटजी?”

त्यांनी वाघिणीचे नाव सांगितले, तिच्या बछड्यांची संख्या सांगितली. बाईने पुन्हा विचारले, “जाताना तोंड कोनीकडं होतं?”

ते त्यांना सांगता आले नाही. पाणी आटून वाघ पाणवठ्यावर हमखास दिसतो, म्हणून छायाचित्रकार ज्या दिवसांची वाट पाहतात, त्याच दिवसांत गावातील माणसे पहाटे मोह वेचण्यास आणि पुढे तेंदूपत्ता तोडण्यास जंगलात वाकून फिरत असतात. या दोन्ही जिल्ह्यांत दरवर्षी कित्येकजण त्यात जीव गमावतात. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असे जाणकार सांगतात.

तेव्हापासून त्यांच्या पिशवीत एक लहान लाल वही असते. प्रत्येक छायाचित्रापुढे बोडीचे नाव, वेळ आणि वाघ कोणत्या दिशेने गेला, याची नोंद. वनरक्षकालाही ते कळवतात. उपयोग मर्यादितच, वाघ एका रात्रीत कोसच्या कोस चालतो, आणि शनिवारची नोंद सोमवारी शिळी झालेली असते. हे त्या बाईलाही ठाऊक आहे. तरी बाजाराच्या दिवशी ती पिशवी काउंटरवर ठेवते, आणि मीठ-तेल सांगण्याआधी म्हणते, “वही वाचा जी.”