आपल्या पट्टीत



गेल्या आगमनकाळात माझ्या हातून एक चूक झाली. आमच्या उज्जैनच्या पॅरिशमध्ये नाताळच्या मिस्सासाठी छोटा वाद्यमेळ बसवायचा होता आणि ती सेवा माझ्याकडे होती. मी हौसेने दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो यांची रचना निवडली. आमच्याकडे होतं काय? एक व्हायोलिन, शाळेच्या बँडमधल्या मुलाचं क्लॅरिनेट, एक गिटार आणि चर्चची जुनी हार्मोनियम. शिवाय फ्रीगंजहून सायकलवर येणारे एक काका, निवृत्तीनंतर बासरी शिकलेले. त्यांना मी सांगून टाकलं, "काका, यात बासरीला जागा नाही."

"ठीक आहे, बेटा," म्हणत त्यांनी बासरी पिशवीत ठेवली. पुढच्या रविवारी ते सगळ्यात मागच्या बाकावर बसलेले दिसले. मला त्या दिवशी प्रार्थना सुचेना.

मग शोधू लागले. 1599 साली लंडनमध्ये अँथनी होलबोर्नने पाच आवाजांच्या नृत्यधुनी छापल्या. त्या तंतुवाद्यांवर वाजवा नाहीतर फुंकवाद्यांवर, हे त्याने मुखपृष्ठावरच सांगितलं होतं. आपल्याच मध्य प्रदेशात, मैहरला, बाबा अलाउद्दीन खाँ यांनी 1918 च्या साथीत अनाथ झालेल्या मुलांना घेऊन वाद्यवृंद उभा केला. बंदुकीच्या नळ्यांचासुद्धा त्यांनी नलतरंग केला. म्हणजे जागा नसते असं नाही, ती करावी लागते.

आमच्या भजनाचे चार आवाज तर कागदावर तयारच होते. वरचा आवाज व्हायोलिनला दिला, दुसरा क्लॅरिनेटला, तिसरा गिटारला. खालचा हार्मोनियमकडे ठेवला, कारण खर्ज भक्कम असला की वरचे नवशिके चुकले तरी गाणं कोसळत नाही. काकांनी वरचीच चाल धरायची, अवघड जागी फक्त लांब सूर.

अडचण एकच होती. भजन बी फ्लॅटमध्ये, तर काकांची बासरी पांढरी पाचची. एकच बासरी, ती पट्टी कशी बदलणार? शेवटी सगळं भजनच पांढरी पाचमध्ये उतरवलं. क्लॅरिनेटवाला मुलगा कुरकुरला. त्याच्या कागदावर आधी एकही शार्प नव्हता, आता तीन आले होते! पण आठवडाभर तो रोज संध्याकाळी घासत बसला.

मी काकांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. ते म्हणाले, "अगं, मला वाटलं माझंच वय झालं."

नाताळच्या रात्री बासरी एकदा चुकली. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण खर्ज चालू होता. त्या क्षणी गव्हाणीकडे बघताना मला उमगलं. देवाने आपल्याला सांगितलं नाही की आधी सूर जुळवा, मग या. तोच आपल्या पट्टीत उतरला. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात संत पौल शरीराच्या दुबळ्या वाटणाऱ्या अवयवांबद्दल सांगतो, तेही मला तेव्हाच खरं कळलं.

तुमच्या पॅरिशमध्ये मागच्या बाकावर कोण बसलंय, या रविवारी जरा वळून बघाल?

हे प्रभू, दुसऱ्यासाठी आपली पट्टी सोडण्याची कृपा आम्हांला दे. आमेन.