लाल ओळी वरून वाच

चि. ओंकार यास,


मायएस्क्यूएलक्लायंट बसवताना आलेल्या एररचा तुझा स्क्रीनशॉट पाहिला. ‘पायथन बिघडलंय’ असं तू लिहिलंयस, पण पायथन ठणठणीत आहे. एवढ्या लाल मजकुरातली तू शेवटची ओळ वाचलीस, आणि ती ‘जमलं नाही’ यापलीकडे काहीच सांगत नाही. जरा वर सरक. पीकेजी-कॉन्फिग सापडत नाही, असं तिथे सरळ लिहिलंय. मूळ दुखणं ते.

जँगोला मायएस्क्यूएलशी बोलायला मधे कनेक्टर लागतो, आणि जँगोवाले शिफारस करतात ती मायएस्क्यूएलक्लायंटची. वरून हे पायथनचं पॅकेज दिसतं, पण पोटात सी भाषेतला कोड आहे. विंडोजसाठी ते तयार मिळतं. तुझ्या उबुंटूवर मात्र पिप त्याचा सोर्स उतरवून तिथल्या तिथे कंपाइल करायला बसतो. त्याला कंपायलर हवा, पायथनच्या हेडर फायली हव्यात आणि मायएस्क्यूएलच्या क्लायंट लायब्ररीच्याही; ती लायब्ररी कुठे आहे हे शोधायला पीकेजी-कॉन्फिग. ‘पण मायएस्क्यूएल तर बसवलंय!’ म्हणशील. तो सर्व्हर झाला. या फायली त्याच्यासोबत येत नाहीत. भले भले इथेच अडकतात. तेव्हा आधी एप्टने बिल्ड-इसेन्शियल, पायथन३-डेव्ह, डीफॉल्ट-लिबमायएस्क्यूएलक्लायंट-डेव्ह आणि पीकेजी-कॉन्फिग बसव, आणि मगच व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट चालू करून पिपकडे जा.

जुने व्हिडिओ मायएस्क्यूएल-पायथन बसवायला सांगतील. तिकडे फिरकू नकोस. ते पायथन २ च्या पुढे आलंच नाही. त्याचाच कोड घेऊन पायथन ३ साठी मायएस्क्यूएलक्लायंट उभं राहिलं, आणि इनादा नाओकी हे जपानी प्रोग्रामर ते सांभाळत आले आहेत. आतल्या मॉड्यूलचं नाव मात्र अजून जुनंच, मायएस्क्यूएलडीबी. एररमध्ये ते दिसलं तर गोंधळू नकोस.

तुझा मित्र पायमायएस्क्यूएल सुचवतोय. ते निव्वळ पायथनमध्ये लिहिलंय, कंपाइल करायची कटकट नाही, हे खरं. पण जँगोपुढे त्याला मायएस्क्यूएलडीबीचं सोंग घ्यावं लागतं, आणि जँगो आवृत्तीचा आकडा तपासतो म्हणून लोक तोही खोटा सांगतात. चार पॅकेजांचा कंटाळा म्हणून एवढा खटाटोप? माझं मत विचारशील तर नको.

डेटाबेस तयार करताना अक्षरसंच यूटीएफ८एमबी४ ठेव. मायएस्क्यूएलचा जुना यूटीएफ८ एका चिन्हाला जास्तीत जास्त तीन बाइट देतो. देवनागरी तेवढ्यात मावते, त्यामुळे तू बनवतोयस त्या वाचनालयाच्या साइटवर सभासदांची नावं नीट दिसतील आणि तू निर्धास्त होशील. मग कुणीतरी अभिप्रायात इमोजी टाकेल, त्याला चार बाइट लागतात, आणि फॉर्म तिथेच आपटेल. आवृत्ती ८.० पासून यूटीएफ८एमबी४ आपसूक मिळतो, तरी तपासून घे.

आणि डेटाबेसचा पासवर्ड सेटिंग्जच्या फायलीत लिहून गिटवर चढवू नकोस. सभासदांच्या टेबलात लोकांचे फोन नंबर आहेत.

तुझी,
आत्या