बाजी उजवीकडे वळायचा

बाजीला भुंकण्यापेक्षा बोलायला जास्त आवडायचं. घशातून लांबलचक, चढउतारांचा सूर काढून तो आल्यागेल्याला सगळं सांगत बसायचा. कोण उशिरा घरी आलं, भाकरी अजून का मिळाली नाही, शेजारची मांजर जिन्यात किती वेळ बसली होती. सासूबाईंना आम्ही सगळेच माय म्हणतो. त्या मूळच्या शिंदखेड्याकडच्या, त्यामुळे त्याच्याशी अहिराणीतच बोलायच्या. "काय व्हयनं रे तुले?" असं त्यांनी विचारलं की तो मान तिरकी करून ऐकायचा आणि मग सविस्तर उत्तर द्यायचा. एखाद्या पाहुण्याने "कुत्र्याला घरात कशाला घेता" म्हटलं, तर माय सरळ सांगायच्या, "हाऊ कुत्रा नही शे, पोऱ्या शे."

माझं माहेर धुळ्याचं, देवपुरातलं. दादाच्या ओळखीच्या एका घरी बॉक्सर मादीला पिल्लं झाली, त्यातलं हे एक दादाने पारोळा-एरंडोलमार्गे जळगावला आणून माझ्या मांडीवर ठेवलं. तांबूस अंग, छातीवर पांढरा पट्टा आणि तोंड भाजलेल्या भरताच्या वांग्यासारखं काळंभोर, सुरकुतलेलं.

जळगावचा उन्हाळा त्याच्यासाठी नव्हताच. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकला की चांगली लांब नाकाची कुत्रीसुद्धा गटाराच्या ओलीत पडून राहतात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, नाक आणि जिभेवरची ओल उडवूनच त्याला अंग थंड ठेवावं लागतं, आणि बॉक्सरच्या आखूड नाकात त्यासाठी जागाच कमी. म्हणून उन्हाळ्यात त्याचं फिरणं पहाटे उजाडायच्या आत, मेहरूण तलावाच्या काठाने. दिवसभर कूलरसमोर, ओल्या गोणपाटावर. हिवाळा मात्र त्याचा. शेतात काड्या पेटवून भरताची वांगी भाजायला घेतली की धुराच्या दिशेने नाक करून तो राखणीला बसायचा. कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी मोडतात, म्हणून फोडणी पडायच्या आधीच माय त्याचं वांगं बाजूला काढायच्या आणि कळण्याच्या भाकरीत कुस्करून द्यायच्या.

धुळ्याला आईकडे काळू होता. गावठी, पांझरेकाठी कुठेतरी जन्मलेला, आपणहून आईच्या दारात येऊन बसलेला. बाजी माहेरी आला की काळू त्याला गल्लीची हद्द दाखवायचा आणि बाजी आज्ञाधारक मुलासारखा मागेमागे चालायचा. वयाने काळू बाजीहून बराच मोठा.

बाजीला पहिला झटका आला तेव्हा त्याने आठ वर्षं ओलांडली होती. रात्री झोपेतच. जबडा आवळला, पाय पोहल्यासारखे हलू लागले, तोंडाला फेस, खाली लघवी. दोनेक मिनिटांत थांबलं, पण त्यानंतर बराच वेळ तो घरभर नुसता चालत राहिला. आम्हाला ओळखत नव्हता. मायने कांदा फोडून नाकाशी धरायला काढला होता, तो मी बाजूला ठेवला.

आमचे जळगावचे पशुवैद्य शांत माणूस. त्यांनी आधी वय विचारलं आणि मग रक्त घेतलं. साखर, यकृत, मूत्रपिंड, गोचिडतापाचे जंतू. सगळं ठीक निघालं, आणि ठीक निघालं म्हणूनच त्यांचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी समजावून सांगितलं की कुत्र्याची साधी मिरगी, म्हणजे मेंदूत काही न बिघडता येणारी, बहुधा सहा महिने ते सहा वर्षं या वयात सुरू होते. आठ वर्षांच्या कुत्र्याला आयुष्यातला पहिला झटका आला तर मेंदूच्या आत काही आहे का, हे बघावं लागतं. त्यातही हा बॉक्सर.

त्यांनी फेनोबार्बिटोन सुरू केलं. आपल्याकडे औषधाच्या दुकानात गार्डिनल म्हणतात तेच, माणसांना देतात तेच. दोन गोष्टी त्यांनी चिठ्ठीवर ठळक लिहून दिल्या. गोळी एकदम बंद करायची नाही, कारण ती अचानक थांबवली तर झटके दुपटीने येतात. आणि झटका पाच मिनिटांहून लांबला, किंवा एकापाठोपाठ एक येऊ लागले, तर वाट न पाहता उचलून आणायचं. शिवाय वही ठेवायला सांगितली: तारीख, वेळ, किती मिनिटं, आधी काय करत होता, नंतर किती वेळाने ओळख पटली. माझ्या मुलीने ती वही ठेवली. तिच्या दहावीच्या वहीपेक्षा ती वही नेटकी होती.

पहिले काही दिवस औषधाने तो झिंगल्यासारखा चालायचा, ते सावरलं. पण सावरल्यावर वेगळंच दिसू लागलं. तो अंगणात गोल फिरायचा, आणि फक्त उजवीकडे. खोलीच्या कोपऱ्यात शिरला की मागे यायचं त्याला सुचायचं नाही, भिंतीला कपाळ टेकवून उभा राहायचा. जेवणाचं तर मायच्या लक्षात आलं. ताटलीतलं उजव्या बाजूचं अन्न तो चाटूनपुसून खायचा आणि डाव्या बाजूची भाकरी तशीच ठेवून निघून जायचा. भूक मेली म्हणावं तर पुन्हा स्वयंपाकघरात येऊन मागायचा. मायने एके दिवशी ती ताटली अर्धी फिरवली. उरलेली भाकरी उजवीकडे आली आणि बाजीने ती खाल्ली.

हे ऐकून डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. मेंदूचा उजवा भाग डावीकडचं जग सांभाळतो. उजव्या पुढच्या भागात काही वाढत असेल तर डोळा चांगला असूनही डावी बाजू कुत्र्याच्या लेखी उरतच नाही, आणि तो दुखऱ्या बाजूकडे, म्हणजे उजवीकडे वळत राहतो. चौथीपर्यंत शिकलेल्या मायने ताटली फिरवून जे शोधलं होतं, ते मोठ्या रुग्णालयातल्या तपासणीत उतरण्याजोगं होतं. मला आजही त्याचा अभिमान वाटतो.

खात्री करायची तर एमआरआय, आणि त्यासाठी मुंबई. उन्हामुळे रात्रीच निघालो. बांभोरीचा गिरणेवरचा पूल, एरंडोल, पारोळा, धुळ्याला आईकडे दोन तासांचा मुक्काम. म्हाताऱ्या काळूने बाजीला हुंगलं, डाव्या बाजूने जवळ गेला, बाजीला कळलंच नाही. मग काळू फेरा घालून उजवीकडे आला. पुढे मालेगाव, चांदवड, नाशिक, कसारा घाट. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचं, त्याला लागून असलेलं बाई साकरबाईंच्या नावाचं प्राण्यांचं रुग्णालयही तितकंच जुनं. दीडशे वर्षांच्या आसपास महाराष्ट्रातली आजारी जनावरं मुंबईचाच रस्ता धरत आली आहेत. आता महालक्ष्मीला २०२४ पासून टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय आहे आणि तिथे एमआरआयची सोय आहे. आमच्या वेळी ते नव्हतं, खाजगी केंद्रात नंबर लावला. कुत्रा हलता कामा नये म्हणून पूर्ण भूल द्यावी लागते, आणि आखूड नाकाच्या कुत्र्याला भूल देताना श्वासाची काळजी जास्त. तपासणीच्या खोलीचं दार बंद असेपर्यंत आम्ही नवरा-बायको एकमेकांशी एक शब्द बोललो नाही.

उजव्या बाजूला, मेंदूच्या गाभ्यातच गाठ होती. चित्रावरून ग्लायोमा. शंभर टक्के खात्री तुकडा काढून तपासल्याशिवाय होत नाही, पण तिथल्या डॉक्टरांना फारशी शंका नव्हती. त्यांनी मला जातींचा हिशोब समजावून सांगितला. गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, कॉली अशा लांब तोंडाच्या कुत्र्यांत बहुतेकदा मेंदूच्या आवरणाची गाठ होते, मेनिंजिओमा. बॉक्सर, बोस्टन टेरियर, बुलडॉग या चपट्या तोंडाच्या कुळात मेंदूच्या आतली, ग्लायोमा. आवरणाची गाठ बाहेरून असते, कवटी उघडून काढायचा प्रयत्न तरी करता येतो. मांजरांत तर ती इतकी सुटी निघते की शस्त्रक्रियेनंतर कित्येक मांजरं दोन वर्षांहून जास्त जगतात. कुत्र्यात ती मेंदूत घुसते, म्हणून शस्त्रक्रियेला किरणोपचाराची जोड द्यावी लागते आणि तेव्हा वर्ष-सव्वा वर्षाची आशा धरतात. आतल्या गाठीला कडाच नसते.

मी आकडा विचारला. विचारायला नको, असं पुष्कळ लोक म्हणतात. मला तो हवा होता. व्हर्जिनियातल्या पशुवैद्यकांनी २०१३ साली फक्त लक्षणांवर औषधं दिलेल्या कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध केली: निम्मी कुत्री ६९ दिवसांच्या आत गेली, निम्मी त्याहून जास्त जगली. पण गाठ मेंदूच्या मागच्या-खालच्या भागात असेल तर हाच मधला आकडा २८ दिवस, आणि पुढच्या भागात असेल तर १७८. बाजीची पुढच्या भागात होती. परतीच्या वाटेवर घाट चढताना मी हाच एक आकडा धरून बसले होते. त्या रात्री मला नीट उमगलं की जात फार तर गाठ कोणती असेल ते सुचवते. दिवस ठरतात ते गाठीच्या जागेवर आणि उपचारावर. "बॉक्सर म्हणजे इतके महिने" असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही.

किरणोपचाराचं डॉक्टरांनीच मोकळेपणाने सांगितलं. परदेशात ग्लायोमाच्या कुत्र्यांनाही त्याने महिने मिळतात, पण आमच्या आवाक्यात तशी सोय नव्हती. आणि असती तरी तो कित्येक वेळा, दर वेळी भूल देऊन घ्यायचा असतो. आम्ही ठरवलं की गार्डिनल चालू ठेवायची, गाठीभोवतीची सूज उतरवायला प्रेडनिसोलोन द्यायचं, आणि हे सगळं घरी.

बॉक्सरलाच हे का, याचा मी पुढे बराच शोध घेतला. हे तोंड माणसाने घडवलेलं आहे. जर्मनीत १९व्या शतकाच्या शेवटी, शिकारी बुलेनबायसर आणि इंग्लिश बुलडॉग यांच्या संकरातून बॉक्सर घडला. १८९५ साली म्युनिकमध्ये त्यांचा पहिला क्लब झाला. कुत्र्याचा संपूर्ण जनुकीय आराखडा पहिल्यांदा नीट वाचला गेला तो २००५ मध्ये, टाशा नावाच्या बॉक्सर मादीचा. पुढे २०१६ च्या एका अभ्यासात २६ व्या गुणसूत्राचा एक पट्टा या गाठीशी जोडलेला सापडला. चपट्या तोंडाच्या या जातींत त्या पट्ट्याची धोक्याची रूपं इतकी सर्रास आहेत की पिल्लू पारखून घेऊन ती टाळता येत नाहीत. काही पिढ्यांत मोजक्याच कुत्र्यांपासून वंश वाढवला, एकाच चेहऱ्याचा आग्रह धरला, त्याची किंमत बाजीसारखी जनावरं देतात. मला याचा राग येतो. असंही आहे की कुत्र्यात ही गाठ माणसासारखीच आपोआप उगवते, म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००३ पासून आजारी पाळीव कुत्र्यांबरोबर संशोधन चालवलं आहे. २०२० मध्ये दिसून आलं की कुत्र्यांचा ग्लायोमा लहान मुलांच्या ग्लायोमाला जवळचा आहे. एखाद्या मुलाला याचा उपयोग होईल हे वाचून मला बरं वाटलं. राग गेला नाही.

प्रेडनिसोलोनने आठवड्यात फरक पडला. गोल फिरणं कमी झालं, बोलणं परत आलं. तहान आणि भूक मात्र अफाट वाढली. केळीचा घड टांगलेला दिसला की त्याखाली मुक्काम. रात्री दोनदा त्याला बाहेर न्यावं लागे, ते यांनी नेलं, एकदाही कुरकुर न करता. मायने जेवण बदललं: दोन ताटल्या नाहीत, एकच, आणि मधेच हाताने फिरवायची. आखाजीला मुलीने झोका बांधला तेव्हा तो झोक्याच्या उजव्या बाजूला उभा राहून गाणं म्हटल्यासारखं ओरडला. श्रावणात कानबाईच्या रोटांच्या वेळी सगळं घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि हा प्रत्येकाशी बोलून आला.

पोळ्यानंतर मागचे पाय गेले. पोटाखालून टॉवेल घालून उचलावं लागे. मग एका रात्री झटके थांबेनात. गुदद्वारातून द्यायचं डायझेपाम घरात ठेवलेलं होतं, ते दिलं, दोन तास शांत, पुन्हा सुरू. पहाटे डॉक्टर घरी आले. माय त्याच्या उजव्या बाजूला बसल्या, कारण तिथून त्याला त्या दिसायच्या, आणि इंजेक्शन लागेपर्यंत अहिराणीत बोलत राहिल्या. डॉक्टरांनी नाडी पाहून मान हलवली, तरी त्या थांबल्या नाहीत. मी त्यांचा हात धरला. शेतात, बांधावरच्या निंबाखाली त्याला पुरलं.

मुंबईच्या आकड्यापेक्षा बाजी थोडा कमीच जगला.

मुलीने वहीची झेरॉक्स काढून डॉक्टरांना दिली. त्यानंतर त्यांच्याकडून कधीमधी कुणीतरी फोन करतं. मागे चोपड्याहून एक गृहस्थ बोलले, त्यांच्या चार वर्षांच्या लॅब्रेडॉरला झटके येतात, आणि गावात कुणीतरी गाठ आहे म्हणून घाबरवलं होतं. मी त्यांना वय पुन्हा विचारलं, कुठल्या एका बाजूला वळतो का विचारलं, ताटली फिरवून पाहायला सांगितलं आणि मुख्य म्हणजे डॉक्टरांनी दिलेली गोळी चुकवू नका म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, "ताई, तो तर ताटलीसकट सगळं खातो." रक्ताच्या तपासण्या झाल्या, साधी मिरगी ठरली. त्या लॅब्रेडॉरची गार्डिनल चालू आहे, वर्षातून एखाद-दुसरा झटका येतो, आणि दर सहा महिन्यांनी यकृताचा रिपोर्ट आला की ते गृहस्थ मला फोटो पाठवतात. मी तो रिपोर्ट मायला वाचून दाखवते.