घसारा

कॉमर्सचा पदवीधर असण्याचा एक फायदा आहे. एखादी वस्तू किती झिजली हे तिच्याकडे न बघताही सांगता येतं. घटत्या शिल्लक पद्धतीनं घसारा काढत गेलं, तर वस्तूची किंमत दरसाल कमी होते, पण शून्य कधीच होत नाही. मंगळवेढ्याकडे आमच्या गावी दादाची कडबाकुट्टी आहे. तिच्यावरचं इंजिन मी या पद्धतीनं कित्येक वर्षं जिवंत ठेवलं होतं. ‘अजून किंमत आहे रे त्याला,’ असं मी बँकेतून फोनवर सांगायचो. हँडल मारायला तिकडे दादा होता.

शेवटी वहिनींचा फोन आला. “भावजी, इंजिनाचं ऱ्हाऊ द्या, यांचा खांदा गेलाय. परवापासनं डाव्या हातानं जेवत्यात.”

इंजिनाच्या रिंगा झिजल्या की कॉम्प्रेशन धरत नाही, आणि कॉम्प्रेशन नाही म्हणजे डिझेल पेटत नाही. मग माणूस पेटेपर्यंत हँडल मारत राहायचं. चालू झालंच तर ते डिझेलपेक्षा ऑइल जास्त प्यायचं आणि निळा धूर सोडायचं. विजेची मोटर बसवावी, तर आमच्या शिवारात शेतीची वीज बऱ्याचदा रात्री येते. म्हशींना हे वेळापत्रक मान्य नाही.

मी रविवार धरून रजा काढली. जाईपर्यंत दादानं दुसरं इंजिन आणूनही ठेवलं होतं. गावातली पिठाची गिरणी पंधरा वर्षांपूर्वी बंद पडली, तिथलं. दोन बाजूंना दोन अजस्र चाकं असलेलं, लिस्टर पद्धतीचं, सहा हॉर्सपॉवरचं धूड. भंगाराच्या भावानं मिळालं होतं. मिस्त्रीनं ते खोलून धुऊन परत जुळवलं होतं आणि दादा त्याच्याकडे नव्या जावयाकडे बघावं तसा बघत होता.

आता अडचण अशी, की जुनं इंजिन मिनिटाला 1500 फेरे घ्यायचं आणि हे घेतं 650. चाल निम्म्याहून कमी. पुली तीच ठेवली, तर कडबा संध्याकाळपर्यंत कापत बसावं लागलं असतं. जुनी पुली 6 इंची होती. नवी केवढी हवी, यावर दादा आणि मिस्त्री यांचा वाद चालला होता. इथे माझ्या शिक्षणाला प्रथमच शेतीत वाव मिळाला. 1500 गुणिले सहा, 9000. त्याला 650 नं भागा. उत्तर चौदाच्या आत-बाहेर. मिस्त्रीकडे 14 इंची पुली होतीच. मी ताळा करून पाहिला, तर 650 गुणिले 14 म्हणजे 9100.

“शंभराचा फरक येतोय,” मी म्हणालो.

“चालतंय की साहेब,” मिस्त्री म्हणाला.

एका रुपयाचा फरक सापडेपर्यंत मी रात्री नऊ-नऊ वाजेस्तोवर बँकेत बसलेलो आहे. शंभर चालतात, हे ऐकून मला भडभडून आलं.

इंजिन जुन्या ओट्यावर बसेना. एक चाक भिंतीला घासायला लागलं. तेव्हा ते तोंड फिरवून बसवलं, बोल्ट आवळले, शेजारी गार पाण्याचं पिंप जोडलं, पट्टा चढवला. दादा सवयीनं हँडलकडे गेला. मी ते त्याच्या हातातून घेतलं. वीस वर्षांत मी पेनपेक्षा जड काही फिरवलेलं नव्हतं.

“खिटी मी सोडतो,” दादा म्हणाला. “तू फिरव. मी म्हणेपर्यंत थांबू नको.”

खिटी वर असली की कॉम्प्रेशन लागत नाही. चाकं मोकळी फिरतात. ती वेगात आली की खिटी खाली टाकायची. मी फिरवत होतो. डोळ्यांपुढे काजवे आले, दादा काही बोलेना. लहानपणी विहिरीत पोहायला शिकवतानाही तो असाच गप्प काठावर बसायचा. “हां!” म्हणत त्यानं डाव्या हातानं खिटी पाडली आणि इंजिन पुक्... पुक्... पुक् करत निघालं.

मिस्त्रीनं पहिली पेंढी लावली. यंत्रानं ती घेतली नाही. सही न जुळलेला चेक आम्ही करतो, तशी सन्मानानं परत केली. दुसरीही. इंजिनाचं तोंड फिरवल्यामुळे सगळंच उलटं फिरत होतं, रूळ कडबा आत ओढायच्या ऐवजी बाहेर ढकलत होते. जमेची रक्कम नावे पडली होती. मी ओटा फोडण्याच्या खर्चाचा अंदाज काढू लागलो. मिस्त्रीनं इंजिन थांबवलं, पट्टा उतरवला, त्याला मध्ये एक पीळ दिला आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखा परत चढवला. मी पुन्हा हँडल मारलं. सगळं सुलट. कुट्टी भराभर पडू लागली. (किर्लोस्करांनी अगदी सुरुवातीला बनवलेल्या वस्तूंत कडबा कापायचं यंत्र होतं, हे मी यावेळी सांगितलं. कुणी ऐकलं नाही.)

तेवढ्यात गोठ्याच्या दारात एक म्हातारी उभी. डोक्यावर ज्वारीची पाटी.

“गिरण चालू झाली न्हवं? आवाज आला म्हनून आले.”

मी तिला समजावणार होतो. पण दादानं पुढं होऊन पाटी उतरून घेतली. “बस मावशे, देतो दळून.” आणि पुतण्याला डोळ्यांनी खुणावलं. तो मागच्या दारानं पाटी घेऊन घरी गेला. तिथे वहिनींची घरघंटी आहे, विजेवरची, आणि सुदैवानं गावठाणात वीज होती.

अर्ध्या तासानं पीठ आलं. तोवर म्हातारी इंजिनाजवळ डोळे मिटून बसली होती. तिनं चिमूट बोटांत चोळून पाहिली.

“इंजान त्येच हाय,” ती म्हणाली, “पर दगूड बदलला वाटतं. पयल्यागत बारीक न्हाई पडत.”