न विचारता काढलेला फोटो



मुलाने साठीला सोनीचा आरएक्स-१०० कॅमेरा दिला, तेव्हा किंमत ऐकून माझ्यातली बी.कॉम. जागी झाली. मोबाईल आहे की! पण पाव किलोहून हलका, पर्समध्ये सहज मावणारा, म्हणून वेरूळला नेला.

३२ नंबरच्या लेण्यात, इंद्रसभेत, उजेड बेताचाच. फ्लॅश लावायचा नव्हता. याचं भिंग एफ १.८ पर्यंत उघडतं आणि कमी उजेडातही निभावतं. पण झूम केलं की तेवढं उघडत नाही, फोटो हलतो. म्हणून झूम न करता आपणच दोन पावलं पुढे जायचं, हे तिथे शिकले.

दाजी गेल्यापासून ताई फोटोला उभीच राहत नाही. खांबाला टेकून पाय चोळत ती नातीशी हसत होती. हळूच टिपलं.

मग मन खाऊ लागलं. न विचारता घेतलं, म्हणजे अदत्तादानच की! रात्री तिला दाखवलं. म्हटलं, "नको असेल तर पुसते."

ती बराच वेळ बघत राहिली. "अगं, मी अजून अशी हसते? राहू दे. मलाही एक काढून दे."

तेव्हापासून माझा नियम: टिपावं नकळत, ठेवावं विचारूनच.