चिठ्ठी नंबर ३२

तुमच्या फोनमधल्या नोट्स जरा उघडून बघा. किराण्याची यादी, वायफायचा पासवर्ड आणि मध्येच कुठेतरी 'झकास आयडिया - लिफ्ट!!' काय होती ती आयडिया? देव जाणे!

आम्हा फ्रीलान्सर मंडळींना हे परवडत नाही. लेख गेला तर पैसे, नाहीतर पीजीच्या काकूंना तोंड चुकवत फिरा. म्हणून गेली दोन वर्षं माझ्या टेबलावर चपलांचा एक खोका आहे. त्यात कार्डांवर लिहिलेल्या दीड-दोनशे चिठ्ठ्या. मूळ कल्पना जुनीच, पण ती गाजवली निक्लास लूमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाने. प्रोफेसर होण्याआधी हा माणूस चक्क सरकारी कचेरीत होता आणि १९५०च्या दशकात त्याला चिठ्ठ्यांचा नाद लागला. १९९८ मध्ये तो गेला, तेव्हा मागे सुमारे ९० हजार चिठ्ठ्या होत्या!

खरी गंमत नंबरांत आहे. एका चिठ्ठीवर एकच मुद्दा, तोही स्वतःच्या शब्दांत. विषयवार फायली नाहीत. २१ वरून काही सुचलं की ती २१अ, आणि जागा तिच्याच मागे. त्यावरून आणखी फाटा फुटला तर २१अ१. दूरच्या एखाद्या चिठ्ठीशी नातं दिसलं, तर कोपऱ्यात तिचा नंबर टाकायचा. ऑब्सिडियनसारखी ॲप्स हे एका क्लिकवर करतात, मान्य. पण खोक्यात एक शोधताना दहा भलत्याच चिठ्ठ्या हाताला लागतात, आणि माल बऱ्याचदा तिथेच असतो बॉस!

परवा 'वर्क फ्रॉम होम'वर लेख हवा होता. १४८ काढली. 'घरून काम करतानाही सकाळी जीन्स चढवते. पायजम्यात वाक्य सुचत नाही.' कोपऱ्यात नंबर, ३२. ती काढली. 'बाबा रिटायर होऊन वर्ष झालं. अजून साडेआठला इस्त्रीचा शर्ट घालतात आणि गॅलरीत बसतात.'

दोन्ही शेजारी ठेवल्या. ऑफिस नसलेली दोन माणसं, एक नाशिकला, एक पुण्यात, दोघंही रोज सकाळी तयार होऊन बसलेली. बाबांवर लिहायचं मनातही नव्हतं. आठशे शब्द एका बैठकीत उतरले.

पाठवण्याआधी त्यांना फोनवर वाचून दाखवले. बराच वेळ काहीच नाही. मग म्हणाले, "शर्ट मी तुझ्या आईसाठी घालतो गं. रोज सकाळी तिला मी रिकामा दिसू नये म्हणून."

संपादकांकडून एक दिवस वाढवून मागितलाय. ३२अ लिहून ३२च्या मागे लावली आणि शेवटचे दोन पॅरा नव्याने लिहायला घेतलेत.