लाभ, दोन, तीन

जानेवारीत भाचीच्या शाळेत 'फार्म वीक' होता. सीनियर केजी. रोज एक वर्कशीट घरी यायचं. पहिल्या दिवशीचं ताईच्या फ्रिजवर मॅग्नेटखाली लावलेलं होतं. लाल रंगाचं उतरत्या छपराचं कोठार, पांढरं लाकडी कुंपण, चिखलात लोळणारं गुलाबी डुक्कर, एका रांगेत सात भोपळे आणि गवताचे पाच गोल गुंडाळे. वर 'काउंट अँड राइट'. तिने मोजून लिहिलं होतं आणि सगळं बरोबर होतं. तीन स्टार.

गवताच्या गुंडाळ्यावर बोट ठेवून तिने मला विचारलं, "मामा, हे केक आहेत ना?"

वर्कशीटला मी नावं ठेवणार नाही. एका वस्तूला एकच आकडा द्यायचा, एकही वस्तू सोडायची नाही, आणि शेवटी उच्चारलेला आकडा हाच सगळ्यांचा मिळून आकडा असतो, हे पाच वर्षांच्या मुलासाठी मोठं काम असतं. ते भोपळ्यांवर होतं, फुग्यांवर होतं, पार्किंगमधल्या गाड्यांवरही होतं. माझा प्रश्न वेगळा होता. भोपळे काढून तिथे फुगे ठेवले तरी गणितात काही फरक पडत नसेल, तर त्या कागदावर शेत कशासाठी आहे? वॉलपेपर म्हणून?

मी पनवेलचाच. इंजिनिअरिंग केलं, आता रोज हार्बर लाइनने जाऊन दुसऱ्यांच्या पेमेंट सिस्टिमचं बॅकएंड सांभाळतो. शेतीत माझा हात नाही. पण आमची आजी अजून गावात राहते. नेऱ्याच्या पुढे, समोर माथेरानचा डोंगर दिसतो तिथे. भाताची दोन खाचरं आहेत, आणि भात कापून झालं की त्याच ओलीवर वाल. त्या शनिवारी भाचीला घेऊन मी तिथे गेलो, ते पोपटीसाठी. गणित डोक्यात नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा आजी ओटीवर भात मोजत होती. गिरणीत पाठवायचं वेगळं, बियाण्याचं वेगळं. तिच्याकडे जुनी लोखंडी मापं आहेत. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला आणि बाजारातून ही मापं गेली, पण आजीच्या ओटीवर त्या कायद्याची अंमलबजावणी अजून व्हायची आहे. तिने पायली भरली, पोत्यात ओतली आणि म्हणाली, "लाभ." मग दुसरी. "दोन." मग "तीन."

"मोठी आजी, एक विसरलीस."

"एक नाय बोलायचं. लाभ बोलायचं. लक्ष्मी हाय ती."

भाचीला हे इतकं आवडलं की त्या दिवशी तिने चपला, कोंबड्या, पायऱ्या, सगळं 'लाभ'पासून मोजलं. मला माझी नोकरी आठवली. प्रोग्रॅमिंगमध्ये यादीतली पहिली वस्तू शून्य क्रमांकाची असते, आणि नवीन पोरांना ते पटवता पटवता आठवडा जातो. इथे पाच वर्षांच्या मुलीला दोन मिनिटांत कळलं होतं की मोजणं आणि आकड्याचं नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव काहीही ठेवा, पायली एकच पडते.

मग मी मापं नीट पाहिली. दोन चिपट्यांचं एक मापटं. दोन मापट्यांचा एक शेर. दोन शेरांची एक अधोली. दोन अधोल्यांची एक पायली. चिपट्याच्या खालीही कोळवं आणि त्याच्या खाली निळवं, तेही निम्म्यानिम्म्याने, म्हणजे पायलीत चौसष्ट निळवी. हे ऐकून कुठलाही सॉफ्टवेअरवाला उठून बसेल. एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. कॉम्प्युटर ज्या बायनरीवर चालतो ती आजीच्या ओटीवर धूळ खात पडली होती. (वर पायलीचे मण आणि मणांची खंडी करताना हा सुंदर क्रम मोडतो, वीस मणांची खंडी. तो भाग मी सोयीस्करपणे सोडून देतो.)

आम्ही खेळ केला. चार मापं घ्यायची: चिपटं, मापटं, शेर, अधोली. प्रत्येक माप एकदाच वापरायचं. मी सांगेन तितकी चिपटी भात सुपात यायला हवं. तीन? मापटं आणि चिपटं. पाच? शेर आणि चिपटं. सहा तिला पटकन आलं. अकराला वेळ लागला. आधी तिने शेर भरला, मग मापटं, मग चिपटं, आणि सात झाल्यावर हातात फक्त अधोली उरली. सगळं परत ओतलं. दुसऱ्या वेळी तिने अधोलीपासून सुरुवात केली, मग शेर बाजूला ठेवला, मापटं घेतलं, चिपटं घेतलं. अधोली हो, शेर नको, मापटं हो, चिपटं हो. एक, शून्य, एक, एक. अकरा बायनरीत असंच लिहितात, हे मी तिला सांगितलं नाही. या चार मापांत एकपासून पंधरापर्यंत कुठलाही आकडा बसतो आणि प्रत्येकाची एकच रीत असते, तेही नाही. कोंबड्यांनी सांडलेलं भात संपवलं.

मधेच भांडण झालं. तिने दोन चिपटी मापट्यात ओतली आणि मापटं भरलं नाही. "हे खोटं आहे," ती म्हणाली. आजीने तिचं चिपटं हातात घेतलं. एकदा तिने ते काठापर्यंतही भरलं नव्हतं. मग आजीने स्वतः भरून दाखवलं, वर भाताचा छोटा डोंगर करून. शीग. "देताना शीग लावायची," ती म्हणाली. काठोकाठ की शिगेपर्यंत, यात धान्याचा चांगला फरक पडतो, आणि तो कुणाच्या बाजूने पडतो यावर गावोगाव वाद झाले असणार. माप ठरवणं हे मोजण्याच्या आधीचं काम आहे. छापील भोपळ्याला शीग नसते, त्यामुळे वर्कशीटवर हे भांडण होऊच शकत नाही.

शेतात गंमत म्हणून कुणी मोजत नाही. गिरणीत किती गेलं आणि किती परत आलं हे कळायला हवं. बियाणं पुढच्या जूनपर्यंत पुरायला हवं. लावणीच्या वेळी एका चुडात दोन-तीनच रोपं आणि दोन चुडांत वीतभर अंतर, नाहीतर रोपं आधी संपतील किंवा खाचर आधी संपेल. चुकलं तर काहीतरी कमी पडतं. मुलांना हे बरोबर कळतं.

ही काही माझी कल्पना नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, तेव्हा त्यांच्यामागे माँटेसरी पद्धतीचा वीसेक वर्षांचा अनुभव होता. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम, १९२६ पासून नूतन बाल शिक्षण संघ. पण माँटेसरीची घोटीव लाकडी साधनं महाग, आणि बोर्डीच्या वस्तीतल्या पोरांना ती कुठून मिळणार? मग बिया, पानं, काड्या, शंखशिंपले, खडे हीच साधनं झाली. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यायची, म्हणून अंगणवाडी. आज देशभर सरकारी योजनेत हा शब्द आहे. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि तिथे अनुताई वाघांनी ते पुढे आयुष्यभर चालवलं. वारली मुलं गुरं चारायला जायची, शाळेत यायची नाहीत. तर शिक्षक कुरणात गेले. कुरणशाळा. गुरं चरताहेत, पोरं शिकताहेत.

मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते हे की गुरं राखणाऱ्या मुलाला मोजणं आधीपासून येत असतं. संध्याकाळी एक गाय कमी असेल तर त्याला आकडा सांगता आला नाही तरी कमी आहे हे दिसतं, आणि कुठली तेही. शाळेला फक्त त्याला नावं द्यायची असतात. आपण पनवेलच्या पाचव्या मजल्यावर उलटं करतो, आधी नावं देतो आणि मग त्यांना चिकटवायला गाय शोधतो. ती सापडते अमेरिकन क्लिपआर्टमध्ये.

नावांवरून आठवलं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात त्रेसष्टसाठी 'साठ तीन' असंही म्हणायची सोय आली आणि केवढा गदारोळ झाला. मंगला नारळीकर गणिताच्या समितीच्या प्रमुख होत्या, त्यांनी शांतपणे बाजू मांडली की मुलांना जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची अडचण होते. मी तेव्हा कॉलेजात होतो, मीम फॉरवर्ड करत होतो. आता भाची रोज अठ्ठावीसनंतर थांबते तेव्हा मला नारळीकर बाईंचं म्हणणं पटतं. पण त्या दिवशी ओटीवर एकोणतीस आपोआप सुटलं. आजी कशाला तरी "पायलीला चिपटं कमी" म्हणाली. मी भाचीला म्हटलं, एकोणतीस म्हणजे तसंच, तिसाला एक कमी. "मग एकोणचाळीस चाळीसला कमी?" हो. पन्नासाला एकोणपन्नास. ती ओरडतच अंगणात गेली. पाऊण, पावणेदोन, एकोणीस, हे सगळे शब्द 'थोडं कमी पडलं' असं सांगणारे. कधीतरी माप भरता भरता तयार झाले असावेत, असं मला वाटतं. भाषाशास्त्रज्ञांनी माफ करावं.

फ्लॅटमध्ये पायली नसते, मान्य. वाटी असते, पेला असतो, तांदूळ असतात. फक्त मोजल्यानंतर त्या तांदळाचा भात करा, आणि किती जण जेवणार हे पोराला आधी विचारा.

संध्याकाळी पोपटी लावली. मडक्यात तळाशी भांबुर्ड्याचा पाला, मग मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, वर पुन्हा पाला गच्च, मडकं उपडं आणि भोवती पेंढा-गोवऱ्यांचा जाळ. मडकं उघडल्यावर भाचीने शेंगा खायच्या आधी पैजा लावल्या, आत किती दाणे. रिकाम्या शेंगांचे तिने ढीग केले, तीनवाल्यांचा, चारवाल्यांचा, पाचवाल्यांचा. चारचा ढीग सगळ्यात उंच झाला. दोनची एकच निघाली. पुढच्या शेंगेला न उघडता ती "चार" म्हणायला लागली. हा आलेख मी कॉलेजच्या तिसऱ्या सेमिस्टरला शिकलो.

मग तिने विचारलं, "मोठी आजी, आपलं शेत केवढं आहे?"

आजीने थोडा विचार केला आणि चाळीस दाणे मोजून परातीत काढायला सांगितले. एक दाणा म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद, मी तिला अंगणात पावलांनी चालून दाखवला. चार पावलं जास्त झाली असतील. "आपलं एवढं हाय," आजीने परातीतल्या तीसेक दाण्यांवर हात फिरवला. "आन् माझ्या माहेरचं याच्याहून मोठं होतं."

आजीचं माहेर उलव्याच्या बाजूला. आता तिथून विमानं उडतात. त्या भागातल्या जमिनी नवी मुंबईसाठी गेल्या, १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई आणि दास्तान फाट्याला आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले, आणि पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली. आमच्या भागातल्या कुठल्याही पोराला शाळेत टक्केवारी शिकवायच्या आधी 'साडेबारा टक्के' हा शब्द माहीत असतो. दुकानांच्या पाट्यांवर असतो, लग्नाच्या बोलणीत असतो. त्याचा अर्थ एक अष्टमांश, हे मला मात्र सातवीत कळलं.

आजीने भाचीला चाळीस दाण्यांचे आठ सारखे ढीग करायला लावले. तिने एकेक दाणा वाटत केले. आजीने एक ढीग तिच्यासमोर सरकवला. पाच दाणे.

"एकराचं पाच गुंठं. त्यातनं सोयीसुविधांचं कापतात." आजीने पाचातला एक दाणा उचलला. मग दुसरा उचलला, नखाने त्याच्या दोन डाळी केल्या, एक डाळ परत ठेवली. कागदावर हे साडेबाराचे पावणेनऊ टक्के होतात, मी मनात हिशोब करून पाहिला. चाळीसाचे साडेतीन. बरोबर.

भाचीने मोजलं. "लाभ, दोन, तीन, आणि अर्धा."

"औट," आजी म्हणाली. साडेतीनाला तिच्या पाढ्यांत हा शब्द आहे.

भाचीने तीन दाणे आणि एक डाळ तोंडात टाकली. चावता चावता परातीतल्या बाकीच्या सात ढिगांकडे, आजीच्या मुठीतल्या दीड दाण्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "आणि हे कुणाचे?"

"खा तू," आजी म्हणाली. "गार होतात."